अध्यक्षाला मुदतीची मर्यादा हवी का, आणि ती मर्यादा बदलणारा कोण?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात वादविवाद झाला. विषय होता, ‘राष्ट्राध्यक्षपदाला मुदतीची मर्यादा असावी का?’ विरोधी बाजूने एकच मुद्दा लावून धरला. लोक स्वखुशीने तिसऱ्यांदा निवडून देत असतील तर कायद्याने मध्ये का पडायचं? टाळ्या त्यांनाच मिळाल्या. वाचनालयाच्या कार्यकारिणीतल्या एका तरुण सदस्याला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. त्याला आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भारतात अशी मर्यादा का नाही? आणि त्यांच्याच वाचनालयाचे अध्यक्ष वर्षानुवर्षं तेच आहेत, त्याचं काय करायचं?

मी नागपूर खंडपीठात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्थांच्या निवडणुकांचे आणि घटनादुरुस्तीचे वाद चालवते. खुर्ची सोडायची वेळ आली की माणूस काय काय करतो, हे माझ्या टेबलावर कागदांच्या रूपात येतं. देश मोठे, संस्था लहान, पण या बाबतीतल्या युक्त्या थक्क व्हावं इतक्या सारख्या असतात. म्हणून उत्तरात दोन्ही येतील.

आधी माझं मत. जो अध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतो आणि ज्याच्या हाती प्रत्यक्ष कारभार असतो, त्याला मर्यादा हवीच. पण मुदती दोन असाव्यात की तीन, पाच वर्षांच्या की सहा, यावर लोक जितका घसा कोरडा करतात तितकं त्यात काही नाही. नियम बदलायचा अधिकार कुणाकडे आहे आणि बदलाचा फायदा आज खुर्चीवर बसलेल्यालाच मिळणार आहे का, हे आधी बघा.

आता तो टाळ्या घेणारा मुद्दा. ‘लोकांनी निवडलं’ म्हणताना आपण धरून चालतो की निवडणूक दोन्ही बाजूंना सारखी होती. एका शिक्षण संस्थेचं प्रकरण सांगते, नाव घेत नाही. अध्यक्ष पुन्हा पुन्हा भरघोस मतांनी निवडून येत होते. विरोधी गटाने निवडणुकीला आव्हान दिलं तेव्हा सभासद नोंदवही मागवली. जुनी पानं वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, कुठे डाग, कुठे खाडाखोड, म्हणजे नोंदवही जशी असायला हवी तशी. शेवटची पानं मात्र एकाच हस्ताक्षरात, एकाच तारखेची, वर्गणीच्या पावत्या सलग क्रमांकाच्या. नव्या सभासदांची नावं पाहिली तर अर्धेअधिक संस्थेच्याच शाळेतले शिक्षक आणि शिपाई. त्यांची वेतनवाढ, बदली, गोपनीय अहवाल सगळं अध्यक्षांच्या सहीने. मतदान गुप्त होतं, मोजणी चोख झाली, एकही मत खोटं नव्हतं. फक्त मतदार अध्यक्षांनी नेमलेले होते.

देशाच्या अध्यक्षाला मतदार नेमता येत नाहीत, पण बाकी बरंच काही करता येतं. निवडणूक घेणाऱ्या यंत्रणेवर माणसं नेमणं, वाद ऐकणाऱ्या न्यायालयातल्या नेमणुका, पोलिसांचे हुकूम, सरकारी जाहिरातींचं वाटप. पहिल्या मुदतीत यातलं थोडंच हाती आलेलं असतं, कारण आधीच्यांनी नेमलेले लोक अजून जागेवर असतात. दुसऱ्या मुदतीच्या अखेरीस बहुतेक खुर्च्यांवर आपली माणसं असतात. तिसरी निवडणूक पहिलीसारखी दिसते, पण मैदान तेच राहिलेलं नसतं. मुदतीची मर्यादा मतदारांवर अविश्वास दाखवते असं म्हणतात. मला ते उलट वाटतं. मतदारांचं मत पुन्हा मोकळेपणी घेता यावं म्हणून ती आहे.

विरोधी बाजूचं म्हणणं अगदीच पोकळ आहे असंही नाही. अमेरिकेची राज्यघटना मंजुरीसाठी लोकांपुढे होती तेव्हा, १७८८ साली, अलेक्झांडर हॅमिल्टनने मुदतीच्या मर्यादेविरुद्ध जे लिहिलं त्यात आजही दम आहे. पुन्हा निवडून येण्याची आशाच नसेल तर माणूस चांगलं काम कशाला करेल? लोभी असेल तर जायच्या आधी हात धुऊन घेईल. अनुभवी माणसाला ऐन अडचणीच्या काळात घरी बसवावं लागेल. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शेवटच्या मुदतीतले पदाधिकारी निविदांच्या फायली कशा धावडवतात हे मी पाहिलंय. मर्यादेची किंमत मोजावी लागते, फुकट काही नाही. फक्त ती किंमत मर्यादा नसण्याच्या किमतीपेक्षा कमी पडते, आणि चुकीचा माणूस आला तर फारच कमी.

अमेरिकेत दीडशे वर्षं हे सगळं प्रथेवर चाललं. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ मध्ये तिसऱ्यांदा उभं राहायला नकार दिला आणि पुढच्यांनी, एखाददुसरा प्रयत्न सोडला तर, ती रीत पाळली. फ्रँकलिन रूझवेल्ट १९३२, १९३६, १९४० आणि १९४४ असे चार वेळा निवडून आले. १९४० साली युरोपात युद्ध पेटलं होतं, तेव्हा अनुभवाचा मुद्दा लोकांना पटणं स्वाभाविक होतं. एप्रिल १९४५ मध्ये ते पदावरच वारले. मग १९४७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बावीसावी दुरुस्ती पुढे पाठवली आणि १९५१ मध्ये ती राज्यांच्या मंजुरीने लागू झाली. कुणीही दोनपेक्षा जास्त वेळा अध्यक्ष म्हणून निवडून येऊ शकत नाही, आणि दुसऱ्याच्या मुदतीतली दोन वर्षांहून अधिक काढली असतील तर पुढे एकदाच.

या दुरुस्तीत एक वाक्य आहे ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. प्रस्ताव मांडला गेला तेव्हा जो अध्यक्ष पदावर आहे, त्याला ही मर्यादा लागू नाही. म्हणजे हॅरी ट्रुमन मोकळे होते. त्यांना १९५२ मध्ये पुन्हा लढता आलं असतं. न्यू हॅम्पशायरमधल्या पक्षांतर्गत लढतीत हार पत्करल्यावर त्यांनी स्वतःच माघार घेतली, ती गोष्ट वेगळी. पण नियम करणाऱ्यांनी काळजी घेतली की मर्यादा एका माणसाला पाडण्याचं हत्यार होऊ नये.

याचीच दुसरी बाजू दक्षिण कोरियात सापडते, आणि तिथवर पोहोचायला त्या देशाला फार सोसावं लागलं. पहिले अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना दोन मुदतींची अडचण होती. नोव्हेंबर १९५४ मध्ये त्यांच्या पक्षाने दुरुस्ती आणली की पहिल्या अध्यक्षाला ही मर्यादा लागू असणार नाही. सभागृहात २०३ सदस्य. दोन तृतीयांश म्हणजे १३५.३३. मतं पडली १३५. अर्धा माणूस, पाव माणूस असा काही नसतो, तेव्हा किमान १३६ हवेत, आणि पीठासीन अधिकाऱ्याने ठराव फेटाळला गेल्याचं जाहीरही केलं. दोनच दिवसांनी सत्ताधाऱ्यांनी गणित काढलं. अपूर्णांक अर्ध्यापेक्षा कमी असला की सोडून द्यायचा असतो, म्हणून १३५.३३ म्हणजे १३५, आणि म्हणून ठराव मंजूर! चौथीच्या मुलालाही कळेल की ‘किमान इतके’ म्हटल्यावर खालच्या आकड्याकडे वळवता येत नाही. पण राज्यघटना त्या गणितावर बदलली. ऱ्ही पुढे १९६० पर्यंत राहिले. त्या वर्षीच्या निवडणुकीतल्या गैरप्रकारांनंतर विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांना देश सोडून हवाईला जावं लागलं. मग पार्क चुंग-ही आले. त्यांनी १९६९ मध्ये तिसऱ्या मुदतीसाठी दुरुस्ती करून घेतली, १९७२ मध्ये नवी घटनाच आणून ती कटकट कायमची मिटवली, आणि १९७९ मध्ये त्यांचा खून झाला.

इतकं झाल्यावर १९८७ च्या कोरियन घटनेत पाच वर्षांची एकच मुदत ठेवली गेली. पण कोरियन लोकांचं खरं शहाणपण कलम १२८ मध्ये आहे. अध्यक्षाची मुदत वाढवणारी किंवा त्याला पुन्हा उभं राहू देणारी दुरुस्ती, ती मांडली गेली तेव्हा पदावर असलेल्या अध्यक्षाला लागू होणार नाही. दुरुस्ती करा, खुशाल करा. पण ज्याच्या काळात करताय त्याला त्याचा उपयोग नाही. एका वाक्याने सगळा मोह काढून घेतला.

अमेरिकेचं वाक्य आणि कोरियाचं वाक्य शेजारी ठेवा. मर्यादा कडक केली तर तिचा फटका पदावरच्याला नको, आणि सैल केली तर फायदाही पदावरच्याला नको. बदल पुढच्या माणसापासून. रोनाल्ड रेगन यांना बावीसावी दुरुस्ती आवडत नसे, ती रद्द व्हावी असं ते उघड म्हणत. पण आपल्यासाठी नव्हे, पुढच्यांसाठी, असंही सांगत. मर्यादेला विरोध करायची ही सभ्य रीत आहे. असा विरोधक भेटला तर मी बसून वाद घालेन. स्वतःच्याच दुसऱ्या मुदतीच्या शेवटच्या वर्षात ज्याला अचानक ‘लोकांचा अधिकार’ आठवतो, त्याच्याशी वाद घालण्यात वेळ कशाला दवडायचा?

नियम लिहिताना राहिलेली फट पुढे किती महागात पडते याचं रशिया हे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९९३ च्या घटनेत बंदी होती ती लागोपाठच्या दोनपेक्षा जास्त मुदतींवर. पुतिन २००८ मध्ये पंतप्रधान झाले, मेदवेदेव अध्यक्ष. त्याच वर्षी अध्यक्षाची मुदत पुढच्यापासून चारावरून सहा वर्षं केली गेली आणि २०१२ मध्ये पुतिन परत आले. २०२० मध्ये ‘लागोपाठ’ ही सवलत काढली, म्हणजे नियम कडक झाला. आणि त्याच फटक्यात पुतिन यांच्या आजवरच्या मुदती हिशेबातून वगळल्या. आता त्यांना २०३६ पर्यंत मार्ग मोकळा आहे. पाटी कोरी करून द्यायची आणि वर नियम कडक केला म्हणून सांगायचं, हा प्रकार सहकारी संस्थांच्या पोटनियमांतही मी पाहिला आहे. चीनचं आणखी वेगळं. मार्च २०१८ मध्ये तिथल्या संसदेने राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादा २९५८ विरुद्ध २ मतांनी काढली, तेव्हा जगभर बातमी झाली. पण तिथे खरी सत्ता पक्षाच्या सरचिटणीसपदात असते आणि त्या पदाला अशी मर्यादा घटनेत कधी नव्हतीच. कुलूप लावलं ते भलत्याच दाराला.

माणूस गेला तरी सत्ता जात नाही, ही दुसरी पळवाट. मेक्सिकोइतकी ती कुणी आळवली नसेल. पोर्फिरियो दियाझ १८७६ मध्ये बंड करून सत्तेवर आला तो ‘पुनर्निवड नको’ याच घोषणेवर, आणि मधली चार वर्षं वगळता १९११ पर्यंत खुर्ची सोडली नाही. त्याला हटवणाऱ्या मादेरोने १९१० मध्ये पुन्हा तीच घोषणा दिली. १९१७ च्या घटनेने पुनर्निवडीला बंदी केली. १९२० च्या दशकात ओब्रेगोन या माजी अध्यक्षासाठी ती सैल केली, तो १९२८ मध्ये निवडून आला आणि पदग्रहणाआधीच मारला गेला. मग बंदी पुन्हा कडक झाली. पण तोपर्यंत कायेस या दुसऱ्या माजी अध्यक्षाने सहा वर्षांत तीन अध्यक्ष बसवून मागून सूत्रं हलवली होती. पुढे एकच पक्ष, नावं बदलत, १९२९ पासून २००० पर्यंत सत्तेत राहिला. दर सहा वर्षांनी अध्यक्ष नवा, आणि पुढचा कोण हे मावळत्या अध्यक्षाच्या बोटावर. मला विचाराल तर, एका माणसाने तीस वर्षं बसण्यापेक्षा हे बरं. निदान मावळत्याला घरी जावं लागायचं, आणि नव्याने जुन्याला डोईजड होऊ दिलं नाही. कार्देनास यांनी तर १९३६ मध्ये कायेसला देशाबाहेर काढलं. पण याला लोकशाही म्हणायचं तर फार सैल हाताने म्हणावं लागेल.

अशी बाहुली बसवायची कला आपल्याला मेक्सिकोकडून शिकायची गरज नाही. जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत जा. सरपंचपदाचं आरक्षण दर पाच वर्षांनी सोडतीने फिरतं. यामागचा हेतू मुदतीला मर्यादा घालण्याचा नव्हता, प्रतिनिधित्वाचा होता. पण परिणाम मर्यादेसारखाच होतो. आज सरपंच असलेल्या माणसाला पुढच्या वेळी ते पद बहुधा लढवताच येत नाही. मग? पद महिलेसाठी निघालं की घरातली बाई उभी राहते आणि सरपंचपती शेजारची खुर्ची ओढून बसतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात १९६६ मध्ये हेच झालं. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं, म्हणून पत्नी लर्लीन यांना उभं केलं, त्या निवडूनही आल्या, आणि कारभार कोण पाहणार याबद्दल प्रचारातही कुणी आडपडदा ठेवला नव्हता.

पण इथे थांबून एक गोष्ट नोंदवते, कारण ‘सरपंचपती’ म्हणून हसणं फार सोपं झालंय. माझ्याकडे महिला सरपंचांवरच्या अविश्वास ठरावांची प्रकरणं येतात. बऱ्याच प्रकरणांत गोष्ट अशी असते की पहिलं वर्ष बाई सांगतील तिथे सही करत होती, दुसऱ्या वर्षी तिने बिल वाचून परत पाठवलं, आणि तिसऱ्या महिन्यात ठराव आला. एक बाई मला म्हणाल्या, ‘म्याडम, मले काही येत नाही म्हणून मले बसवलं होतं. आता येते, तर काहून उठू?’ बाहुली म्हणून बसवलेलं माणूस कायम बाहुली राहीलच याची खात्री बसवणाऱ्यालाही नसते. मर्यादेचा हा फायदा कुठल्याच पुस्तकी यादीत सापडत नाही, पण माझ्या मते तो फार मोठा आहे. अशी सक्ती नसती तर त्या बाईला ती खुर्ची दिसलीही नसती.

आता ‘मानवी हक्क’ हा युक्तिवाद, कारण तुमच्या वादविवादात तो अर्धवट आला होता. बोलिव्हियात एवो मोरालेस यांनी चौथ्या मुदतीसाठी फेब्रुवारी २०१६ मध्ये सार्वमत घेतलं आणि ५१ टक्क्यांहून जरा अधिक लोकांनी ‘नाही’ म्हटलं. लोकांचाच कौल हवा होता ना, तो मिळाला! पण २०१७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ठरवलं की पुन्हा पुन्हा उभं राहणं हा उमेदवाराचा हक्क आहे. २०१९ ची निवडणूक झाली, देश पेटला आणि मोरालेस राजीनामा देऊन बाहेर पडले. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये मत दिलं की अमर्याद पुनर्निवड हा मानवी हक्क नाही. उलट बाजूला कोलंबिया. तिथे अल्वारो उरिबे अतिशय लोकप्रिय होते. तिसऱ्या मुदतीसाठीचं सार्वमत २०१० मध्ये घटनात्मक न्यायालयाने अडवलं, आणि ते निमूट घरी गेले. दोन्ही देशांत मर्यादा कागदावर होती. फरक पडला तो न्यायाधीशांमुळे.

आणि मर्यादा काढली म्हणजे माणूस कायमचा बसला असंही नाही. श्रीलंकेत महिंदा राजपक्षे यांनी २०१० मध्ये अठराव्या दुरुस्तीने दोन मुदतींची अट काढून टाकली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिसऱ्यांदा उभे राहून हरले. त्याच वर्षी एकोणिसाव्या दुरुस्तीने अट परत आली. विरोधी बाजूने हे उदाहरण वापरायला हवं होतं. त्यांच्या म्हणण्याला सगळ्यात जास्त बळ इथे मिळालं असतं.

मग भारताचं काय? आपल्या राष्ट्रपतींना मर्यादा नाही. कलम ५७ प्रमाणे पुन्हा निवडून येता येतं. डॉ. राजेंद्र प्रसाद १९५० पासून १९६२ पर्यंत होते, त्यानंतर दुसऱ्यांदा कुणी निवडून आलं नाही. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे तिथे मर्यादा घालूनही फार फरक पडणार नाही. खरा प्रश्न पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांचा. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना याचं उत्तर देऊन ठेवलंय. अध्यक्षीय पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त. अध्यक्षीय पद्धतीत कारभाराचा हिशेब ठरावीक काळाने होतो, संसदीय पद्धतीत रोज होतो, प्रश्नांनी, ठरावांनी, अविश्वास प्रस्तावांनी. आपण रोजचा हिशेब निवडला. ज्याला कुठल्याही दिवशी घरी पाठवता येतं त्याला मुदतीची मर्यादा कशाला? १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने गेलं, तेव्हा हा युक्तिवाद सगळ्या देशाने दूरदर्शनवर पाहिला. म्हणूनच वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक, मुख्यमंत्री राहिले, तर आपल्या विदर्भात कुणाला ते घटनाबाह्य वाटलं नाही. जर्मनीतही असंच. तिथल्या राष्ट्राध्यक्षाला लागोपाठ दोनच मुदती, पण ज्याच्या हाती कारभार त्या चान्सलरला मर्यादा नाही, आणि मर्केल सोळा वर्षं राहिल्या.

पण हे उत्तर १९४८ चं आहे. १९८५ मध्ये घटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आली. पक्षादेश मोडून मतदान केलं तर सदस्यत्व जातं. पक्षांतरांचा बाजार थांबवायला ती आणली, पण तिने रोजच्या हिशेबाचे दात काढले. सत्ताधारी पक्षाचा खासदार आज आपल्याच पंतप्रधानाविरुद्ध सभागृहात मत देऊ शकत नाही, दिलं तर खासदारकी घालवूनच द्यावं लागतं. ब्रिटनमध्ये थॅचर १९९० मध्ये आणि जॉन्सन २०२२ मध्ये स्वतःच्याच खासदारांमुळे गेले. तशी वाट आपल्याकडे फार अरुंद झाली आहे. म्हणून भारतात पंतप्रधानाला मुदतीची मर्यादा हवी, असं मी म्हणणार नाही. आधी विश्वास-अविश्वासाचं मतदान आणि अर्थसंकल्प सोडून बाकी सगळीकडे पक्षादेश काढून टाका, आणि पक्षांतर्गत निवडणुका खऱ्या करा. ते जमत नसेल तरच मर्यादेची चर्चा. हे मत वकील मंडळींतही सगळ्यांना पटत नाही, हेही सांगून ठेवते.

मर्यादेचा अतिरेकही असतो. नागपूरचा महापौर अडीच वर्षांचा. फायली कुठे ठेवल्यात हे कळेपर्यंत निरोप समारंभ येतो आणि शहर आयुक्तच चालवतात. आणि मुदत संपली म्हणजे नवा माणूस येतोच असंही नाही. आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर निवडणूक न होता वर्षानुवर्षं प्रशासक बसले, कारण आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला होता. मुदतबंदी नीट चालायला वेळेवर निवडणूक लागते. हे इतकं उघड आहे की कुणी लिहीत नाही.

क्रिकेट मंडळाचं उदाहरण नागपूरकरांना जवळचं. मंडळाचा कारभार सुधारण्यासाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये स्वीकारल्या आणि पदाधिकाऱ्यांना प्रत्येक मुदतीनंतर सक्तीची विश्रांती आली. २०१८ मध्ये ती दोन मुदतींनंतर झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये मंडळाच्याच अर्जावरून राज्य संघटना आणि मंडळ यांच्या मुदती वेगळ्या मोजायचं ठरलं, आणि तेव्हा पदावर असलेल्यांना आणखी एक मुदत मोकळी झाली. मंडळाच्या घटनेत चांगली सोय होती की न्यायालयाच्या परवानगीशिवाय दुरुस्ती अमलात येणार नाही. कोरियासारखं एक वाक्य मात्र नव्हतं. असतं तर तो अर्जच इतक्या घाईने आला नसता.

राहिलं तुमचं वाचनालय. इथे माझा सल्ला तुम्हाला अनपेक्षित वाटेल. अध्यक्षांना मर्यादा घालायच्या आधी बघा की सत्ता खरंच त्यांच्याकडे आहे का. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांत अध्यक्ष हार घेतात आणि सचिव कारभार करतात. इतिवृत्ताची वही, पत्रव्यवहार, कपाटाची किल्ली, सभेची नोटीस, सगळं सचिवांकडे. धनादेशावर कुणाच्या सह्या चालतात हे बँकेत विचारा, उत्तर मिळेल. मर्यादा घालायची तर अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष तिघांना मिळून घाला, नाहीतर तेच तिघं दर पाच वर्षांनी खुर्च्या बदलतील. ‘दुसरं कुणी तयारच नसतं’ ही तक्रार लहान संस्थांत बऱ्याचदा खरी असते, तेव्हा कायमची बंदी नको, एका मुदतीची विश्रांती पुरे. मध्येच रिकाम्या झालेल्या जागी आलेल्या माणसाची मुदत कशी मोजायची तेही लिहा. अर्ध्याहून जास्त काळ काढला तर पूर्ण धरायची. निवडणुकीच्या आधीच्या वर्षात झालेल्या सभासदांना त्या निवडणुकीत मत नाही, हे कलम मर्यादेइतकंच गरजेचं आहे. आणि ‘संस्थापक’, ‘मार्गदर्शक’, ‘मुख्य सल्लागार’ अशी पदं द्यायचीच असतील तर द्या, मान असू द्या, पण मत आणि सही नको.

सध्याच्या अध्यक्षांची मागची वर्षं मोजू नका. ट्रुमन यांच्यासारखं त्यांना मोकळं ठेवा, मोजणी पुढच्या निवडणुकीपासून. नाहीतर सगळी चर्चा त्यांच्याभोवती फिरेल, गावात गट पडतील आणि कलम राहील बाजूला. त्याच्याच खाली एक ओळ टाका: ‘या कलमात केलेली कोणतीही शिथिलता, ती मंजूर झाली त्या दिवशी पदावर असलेल्या पदाधिकाऱ्यास लागू होणार नाही.’ ही ओळ टाकायला सहसा कुणी हरकत घेत नाही, कारण त्या दिवशी ती कुणालाच नडत नसते.

मसुदा पूर्ण छापून सभेच्या नोटिशीसोबत पाठवा, जुनं कलम आणि नवं कलम शेजारी शेजारी. निवडणुकीनंतर पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करा. तो राहिला तर पुढे कुणाची मुदत कधी सुरू झाली यावरच भांडण लागतं. आणि दुरुस्ती नोटिशीतल्या शेवटच्या विषयात ढकलू देऊ नका. तसं मंजूर झालेलं कलम पहिल्याच हरकतीला पडतं, आणि तो विषय छापलेला असतो असा: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’